तीन फूट दहा इंच म्हणजे ३.१० नव्हे

काचेच्या दुकानात बिल चुकतं ते बहुतेक वेळा इंचांमुळे. पुण्यात भवानी पेठेत टिंबर मार्केटजवळ आमच्या काउंटरवर परवा तेच झालं आणि फरक दोन हजारांवर गेला.

कसब्यातल्या एका जुन्या घराच्या खिडक्यांचं काम होतं. मिस्त्रींच्या चिठ्ठीवर माप होतं ३ फूट १० इंच बाय २ फूट ११ इंच, ५ एमएमची साधी काच, ६ नग. दर ७५ रुपये स्क्वेअर फूट. काउंटरवरच्या नव्या मुलाने ३.१० गुणिले २.११ केलं. एका नगाचे ६.५४१, सहांचे ३९.२४६ फूट, रक्कम २,९४३.४५.

आकडा बघताक्षणी खटकला. तीन फूट दहा म्हणजे जवळजवळ चार, दोन फूट अकरा म्हणजे जवळजवळ तीन. चार त्रिक बारा, सहा नगांचे बहात्तर. उत्तर बहात्तरच्या जरा खाली यायला हवं, ३९ येऊच शकत नाही. हा तोंडी अंदाज कॅलक्युलेटर हातात घेण्याआधी करायचा असतो. नंतर केला तर मन समोरच्या आकड्याला धरून बसतं.

फुटाचे इंच बारा आणि दशांशाचं घर दहाचं, चूक इथेच होते. कॅलक्युलेटरला ३.१ आणि ३.१० एकच. म्हणजे तीन फूट एक इंच आणि तीन फूट दहा इंच, दोन्ही काचांचं बिल सारखंच निघणार! मधले नऊ इंच फुकट.

"दादा, मग दहा इंच कसे लिहायचे?"

"पॉइंटमध्ये लिहूच नकोस. आधी सगळं इंचात आण."

३ फूट १० इंच म्हणजे ४६ इंच, २ फूट ११ इंच म्हणजे ३५. ४६ गुणिले ३५, १,६१०. सहा नगांचे ९,६६० चौरस इंच. आता भागिले १४४, कारण एका चौरस फुटात बारा बारे एकशे चव्वेचाळीस चौरस इंच बसतात. नुसत्या १२ ने भागणारेही भेटतात. उत्तर ६७.०८३ फूट, गुणिले ७५, रक्कम ५,०३१.२५. पहिल्या बिलापेक्षा २,०८७.८० जास्त.

भागाकार मुद्दाम शेवटी ठेवला. एका नगाचे ११.१८ येतात, ते आधीच ११ धरले तर सहा नगांत ८१.२५ रुपये जातात.

जीएसटीतही एक बारीक गंमत आहे. १८ टक्के एकदम काढले तर ९०५.६२५, म्हणजे ९०५.६३. पण बिलावर केंद्राचे ९ आणि राज्याचे ९ टक्के वेगळे दाखवतात, प्रत्येकी ४५२.८१२५, म्हणजे ४५२.८१, दोन्ही मिळून ९०५.६२. हा एक पैसा कुठे गेला म्हणून मुलं अर्धा तास शोधत बसतात. तो राउंड ऑफमध्ये जिरतो. बिल झालं ५,९३७.

मिस्त्रींना एक टफन ग्लास, म्हणजे तापवून मजबूत केलेली काचही हवी होती. ती कारखान्यातून येते, माप मिलीमीटरमध्ये द्यावं लागतं, आणि टफन झाल्यावर काच कापता येत नाही. मोठी आली तर ती काच वायाच. म्हणून इथे मी घाई करू देत नाही. चौकटीची रुंदी ४६ इंच ३ सूत होती. इंचाचे सूत आठ, म्हणून ३ सूत म्हणजे ०.३ नव्हे, ०.३७५. मुलाने सवयीने इंचाचे २५ एमएम धरले आणि ११५९ सांगितलं. इंच २५.४ चा असतो. ४६.३७५ गुणिले २५.४, ११७७.९, म्हणजे ११७८. पॉइंट चार सोडल्यामुळे काच जवळजवळ १९ एमएमने तोकडी झाली असती आणि चौकटीच्या खाचेत धरलीच नसती.

मिस्त्रींनी टेप पुन्हा वर, मध्ये आणि खाली लावून सर्वांत कमी माप तेच असल्याचं सांगितलं. दोन्ही बाजूंना तीन-तीन एमएम सोडून चिठ्ठीवर ११७२ लिहिलं.