खोक्याची खुर्ची आणि काटोलची माय

मध्यंतरी क्लिनिकमध्ये काटोलकडच्या एका मायने मला सरळ तोंडावर विचारलं, "मॅडम, तुमी तिकडं नेपाळात जाऊन पोट्ट्यायले फुकट तपासून आल्या म्हणते, अन् आमच्याजवळून सेशनचे पैसे घेता, असं काऊन?"

मी व्हॉट्सअॅप स्टेटसला तीन फोटो टाकले होते ना, त्याचा हा प्रसाद. तेव्हा हसून वेळ मारून नेली. पण रात्री झोप येईना, कारण तिचं चुकत काहीच नव्हतं. ही बाई सहा वर्षांच्या मुलाला खांद्यावर टाकून एसटीने नागपूरला गणेशपेठला उतरते, तिथून ऑटोने धंतोली, पाऊण तास माझ्याकडे आणि परत तोच प्रवास. त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. मग लिहूनच काढावं म्हटलं तिकडे काय केलं ते, आणि जे नीट जमलं नाही तेही.

तर मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट. आमच्या बॅचची एक मैत्रीण ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रोजची कामं स्वतः करायला शिकवणारी, तिला कुठूनतरी कळलं की अमेरिकेतल्या एका चर्चचे थेरपिस्ट लोक दरवर्षी नेपाळला दहा दिवस येतात आणि त्यांना देवनागरी वाचणारी, हिंदी बोलणारी माणसं हवी आहेत. ते लोक याला मिशन ट्रिप म्हणतात. आईला सांगितलं तर ती घाबरलीच, "मिशन म्हणजे? बाटवाबाटवी तर नाही ना?" म्हटलं अगं तू स्वतः हिस्लॉप कॉलेजची, 1883 पासूनचं मिशनचंच कॉलेज ते, तुला कोणी बाटवलं का? तसंही नेपाळमध्ये धर्मांतर करवणं हा कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे ही मंडळी सकाळी आपल्या खोलीत आपसात प्रार्थना करायची आणि बाहेर आली की फक्त काम. त्या बाबतीत तक्रारीला जागा नाही.

नोव्हेंबरमध्ये गेलो, त्यांचा तिहार म्हणजे दिवाळी आटोपल्यावर. रेल्वेने गोरखपूर, तिथून सुनौली, मग बॅगा ओढत चालत बॉर्डर पार. आपल्याला व्हिसा लागत नाही, नुसतं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. तिथून लुंबिनी अगदी जवळ. दीक्षाभूमीच्या गावची पोरगी एवढ्या जवळून जाते आणि लुंबिनीला जात नाही म्हणजे कमालच, पण वेळच नव्हता, ती हळहळ अजून आहे. बुटवल सोडलं की रस्ता डोंगरात शिरतो आणि वळणं सुरू होतात. मैत्रिणीने पहिल्या दहा वळणांतच पोटातलं सगळं बाहेर काढलं. आम्ही पाल्पा जिल्ह्यात होतो, तानसेनच्या पुढे, एका गावाच्या आरोग्य चौकीत.

भाषेची भीती होती ती दोन दिवसांत गेली. हात म्हणजे हात, नाक म्हणजे नाक, बस म्हटलं की तिथलंही पोट्टं बसतं आणि उभं राहायला ते उभिनु म्हणतात. पायाला मात्र खुट्टा. आणि बिस्तारै म्हणजे हळूहळू, जे मी दिवसातून शंभरदा म्हणत होते, कारण अमेरिकन मंडळींना सगळ्याचीच घाई.

पहिल्याच दिवशी चाळीसच्या वर मुलं आली. बहुतेक सेरेब्रल पाल्सीची. हिस्टरी विचारली की गोष्ट तीच, जी मी धंतोलीत रोज ऐकते. कळा लांबल्या, जन्मल्यावर रडलंच नाही, किंवा कावीळ खूप वाढली आणि दवाखान्यात पोचायला उशीर झाला. इथे भंडारा-गडचिरोलीची माय सांगते, तिथे पाल्प्याची आमा सांगते, फरक फक्त "नाही" आणि "छैन"चा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सेरेब्रल पाल्सीत मेंदूला मार एकदाच बसतो, जन्माच्या आगेमागे, तो पुढे वाढत नाही. पण मूल वाढतं, हाडं लांब होतात आणि ताठ झालेले स्नायू त्या वेगाने लांब होत नाहीत, मग सांधे आखडतात. जी मुलं चालत नाहीत त्यांचा खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकायला लागतो. आम्ही या मुलांच्या पाच पायऱ्या मानतो, पहिली म्हणजे जवळजवळ सगळं स्वतः करणारं आणि पाचवी म्हणजे मानही धरता न येणारं. तिथे पाचव्या पायरीची मुलं जास्त दिसली, कारण ज्यांना चालता येतं ती डोंगरात शाळेत गेलेली असतात, कॅम्पला कोण आणेल त्यांना.

आता माझी चूक. दुसऱ्या दिवशी एक आई आली, मुलगा चार वर्षांचा, दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. मी अगदी मन लावून आठ व्यायाम शिकवले, कागदावर चित्रं काढून दिली, प्रत्येक दहा वेळा, दिवसातून दोनदा. ती प्रत्येक चित्राला "हुन्छ, हुन्छ" म्हणत मान डोलवत होती. मी खूश. सहाव्या दिवशी घरी भेट द्यायला गेलो, चढ चढून माझाच श्वास गेलेला, तर माझा कागद भिंतीच्या फटीत वाऱ्यासाठी कोंबलेला. इतक्या घड्या घालून की फट बरोबर बुजावी. तेव्हा कळलं की हुन्छ म्हणजे आपलं "हो मॅडम". हो मॅडम म्हणजे होकार नसतो, तो संभाषण संपवायचा सभ्य मार्ग असतो, आणि मी नऊ वर्षं धंतोलीत हे हो मॅडम ऐकत आले आणि प्रत्येक वेळी खरं मानत आले.

मग त्या घरी नुसती बसून राहिले दोन तास. नवरा कतारला. सासू, दोन म्हशी, कोदोची म्हणजे नाचणीची कापणी चालू, पाणी खालच्या धाऱ्यावरून आणायचं, चारा डोक्याला पट्टा लावून डोक्यात म्हणजे त्या बांबूच्या टोपलीत. (डोको म्हणतात टोपलीला, मला प्रत्येक वेळी हसू यायचं.) यात आठ व्यायाम गुणिले दहा गुणिले दोन कुठे बसवणार ती? पण एक गोष्ट दिसली. मुलगा दिवसातले तीन-चार तास तिच्या अंगावरच होता, दोन्ही पाय जुळवून फडक्यात गुंडाळून पाठीशी बांधलेला. म्हणजे जे पाय मला फाकवायचे होते ते ती नकळत तासन्‌तास जुळवून ठेवत होती.

मी म्हटलं असं नको, असं घे. आणि त्याला कडेवर घेऊन दाखवलं. एक पाय पुढे, एक मागे, मध्ये आपली कंबर. कडेवर हो, दुसरं काही नाही! आपल्या आज्यांनी केलं तेच. मांडीच्या आतले स्नायू आपोआप ताणले जातात, मूल ताठ राहतं, मान धरायचा प्रयत्न करतं, समोरचं जग दिसतं. पाठीवर बांधायचंच असेल तर तसंच बांध, पाय कंबरेच्या दोन्हीकडून पुढे काढ. तिने दोनदा बांधून बघितलं, सासूने फडक्याची गाठ बदलली, झालं. या वेळी हुन्छ म्हणाली नाही, मुलाला घेऊन सरळ म्हशीकडे गेली. मला तेच बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर रोज दहा-दहा मिनिटं हाताने स्ट्रेचिंग करून आखडलेला सांधा फारसा सुटत नाही हे आता आमच्या क्षेत्रात बरंच पुढे आलंय, दिवसभर मूल कसं बसतं-निजतं त्याने जास्त फरक पडतो. वाचलं होतं मी हे. वाचलेलं आणि पटलेलं यात आठ चित्रांचं अंतर होतं.

आता खुर्ची. टीममध्ये एक पांढऱ्या केसांच्या फिजिओ होत्या, बरीच वर्षं येणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी बाजारातून रिकामे खोके मागवले, वाय-वाय नूडल्सचे, तिकडे ते ढिगाने मिळतात. मला वाटलं सामान भरायला. तर त्या बसल्या खुर्च्या करायला! कागदाच्या पुठ्ठ्यापासून अपंग मुलांसाठी फर्निचर करायची ही पद्धत झिंबाब्वेत सुरू झालेली. मैद्याची खळ शिजवायची, अगदी आपण पतंगाला करायचो तशी, आणि पुठ्ठ्यावर पुठ्ठा चिकटवत जायचं, पण एकाच्या रेषा उभ्या तर वरच्याच्या आडव्या, प्लायवूडसारखं. वर वजन ठेवून दाबायचं, मग उन्हात वाळवायचं, वाळल्यावर वरून जुने पेपर आणि ऑइलपेंटचे दोन हात. माझ्यासारखी 62 किलोची बाई त्यावर बसली, मोडली नाही.

माप मात्र प्रत्येक मुलाचं वेगळं घ्यायचं. पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खाचेपर्यंत मोजायचं आणि त्यातून दोन बोटं कमी. कंबर काटकोनात, पाय टेकलेले, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक ठोकळा म्हणजे पाय कात्री होत नाहीत, समोर एक ट्रे. व्हीलचेअर का नाही असं मला इथे लोकांनी विचारलं. बाबांनो, त्या गावात घरातून अंगणात यायला तीन पायऱ्या आणि अंगणातून रस्त्यावर जायला साठ. चौकीच्या कोपऱ्यात दोन दान आलेल्या व्हीलचेअर होत्या, मोठ्या माणसाच्या मापाच्या, त्यावर मक्याची कणसं वाळत होती.

दहा दिवसांत आमच्या चार खुर्च्या झाल्या, खळ वाळायलाच वेळ लागतो. त्यातली एक सात वर्षांच्या मुलाला दिली, पाचवी पायरी. त्याला आजी म्हणजे हजुरआमा भरवायची, मांडीवर आडवा घेऊन, मान मागे पडलेली, वरून जाउलो म्हणजे आपली मऊ खिचडी सोडायची. प्रत्येक घासाला ठसका. दर थंडीत छाती भरते म्हणाली. तुम्ही आत्ता मान पूर्ण मागे टाका आणि नुसती थुंकी गिळून बघा, मग कळेल. त्याला खुर्चीत सरळ बसवलं, हनुवटी जरा खाली, चमचा समोरून आणि खालून. स्पीच थेरपिस्टने आजीचा हात धरून दाखवलं की चमचा जिभेवर हलका दाबायचा आणि त्याने ओठ मिटेपर्यंत थांबायचं. पाच मिनिटांचं जेवण पंचवीस मिनिटं चाललं. आजी वैतागली होती, मला दिसत होतं. पण ठसका दोनदाच लागला आणि ती मोजत होती, मी नाही. बापाला व्हिडिओ कॉल लावला मलेशियात, तर तो बिचारा पहिलं हेच विचारतो, खुर्ची कितीची आहे. रंगाचे पैसे सोडले तर फुकट म्हटल्यावर त्याचा विश्वासच बसेना.

दोन महिन्यांचं एक बाळ आलं, दोन्ही पाय आत वळलेले, क्लबफूट. तिथे आमचं काम नाही, लगेच मोठ्या हॉस्पिटलला पाठवलं. पोन्सेटी पद्धतीने दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाय सरळ होतात, साधारण पाच-सहा प्लास्टर, शेवटी बहुतेकांना टाचेमागची स्नायूची दोरी (टेंडन) छोटीशी कापतात. पण खरी परीक्षा नंतर, पट्टीला जोडलेले बूट तीन महिने दिवसाचे 23 तास आणि मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना. बाळ रडतं म्हणून आया ते काढून ठेवतात आणि पाय परत वळतो. हे नागपुरातही रोजचं.

संत्र्याचं राहिलंच. मी ऐटीत दोन किलो संत्रा बर्फी घेऊन गेले होते, नागपूरची खासियत म्हणून, आणि शेजारचा स्याङ्जा जिल्हा नेमका संत्र्यांसाठीच प्रसिद्ध निघाला! सुन्तला म्हणतात. झाडं लगडलेली, प्रत्येक आई पिशवीभर घेऊन यायची. मैत्रिणीने मग खेळणी बाजूला ठेवली आणि मुलांना सुन्तला सोलायला दिली. एका हाताने धरायचं, दुसऱ्याने सोलायचं, जो हात मूल वापरत नाही तोही वापरावाच लागतो आणि बक्षीस आतच असतं. माझ्या बर्फीला मात्र कोणी फार विचारलं नाही. गोड जास्त आहे म्हणे.

एका गोष्टीचा राग आला तो सांगतेच. टीममधल्या दोन पोरी प्रत्येक मुलाचा फोटो काढायच्या, लाळ गळत असलेला, कपडे ओले. मुलाच्या आईला विचारायच्याही नाहीत. मी बोलले तर मला म्हणाल्या की देणगीदारांना दाखवावं लागतं. मी खूप तावातावाने भांडले आणि मग आठवलं की माझ्या स्टेटसला पण तीन फोटो आहेत. काढून टाकले नंतर. काटोलच्या मायने मात्र त्याआधीच बघितले होते.

तर तिला मी काय उत्तर दिलं? पुढच्या सेशनला फीचं काही बोलले नाही, फी घेतेच, क्लिनिकचं भाडं कोणी मिशनवाले भरत नाहीत. पण पहिल्यांदाच विचारलं, "घरी हा बसतो कुठे?" तीन वर्षांत हे मी कधी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "बसते कुठं? खाटेवर निजून राहते दिवसभर. मी वावरात." मग म्हणाली, "तुमी येऊन पाहा ना."

गेले रविवारी. जाताना इतवारीतल्या एका दुकानदाराकडून कूलरचे खोके घेतले, त्याने तीनदा विचारलं कशाला पाहिजे, भंगारात विकता काय मॅडम. तिच्या अंगणात खळ शिजवली, तिचा दीर आणि शेजारची पोट्टी सगळी चिकटवायला बसली, आमच्या विदर्भाच्या उन्हात दोन दिवसांत खणखणीत वाळली म्हणे, नेपाळात तर पाच लागायचे. रंग त्यांनीच दिला, ट्रॅक्टरचा उरलेला लाल.

काल तिने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. लाल खुर्ची, समोर ट्रे, त्यावर अर्धं सोललेलं संत्रं आणि खुर्चीत मांजर झोपलेली. खाली व्हॉइस नोट होती, "पोट्टं आंघोळीले गेलं मॅडम, तोवर हे बसली. उठूनच नाही राहिली."