एकच सिल्क स्कार्फ, पण गाठ बदलली की लूकच बदलतो

माझ्याकडे एक सिल्कचा स्कार्फ आहे, 90 बाय 90 सेंटिमीटरचा, मधे विटकरी रंगाची मोठी मोठी पानं आणि चारही बाजूंनी गडद निळी रुंद बॉर्डर. गेले काही महिने मी मुद्दाम बाकीचे सगळे स्कार्फ आत ठेवून दिले आणि हाच एक जीन्सवर, शर्टवर, ब्लेझरवर, सगळ्यावर वेगवेगळ्या पद्धतीनं बांधून बघितला. आणि आता माझं मत पक्कं झालंय की लूक प्रिंटवर फारसा ठरतच नाही, तो ठरतो घडी किती रुंद आहे, गाठ किती घट्ट आहे आणि टोकं कुठे सोडलीत यावर. प्रत्येक एस्थेटिकसाठी, म्हणजे ठरावीक धाटणीच्या लूकसाठी, वेगळा स्कार्फ घ्या असं जे सगळीकडे सांगतात ना, ते म्हणूनच मला अजिबात पटत नाही.

आधी घडीचं सांगते कारण खरी गंमत तिथेच आहे. बरेच जण त्रिकोण करतात आणि टोकाकडून गुंडाळत जातात, मग ते एक टोक दिवसभर बाहेर डोकावत राहतं आणि पट्टी मधे जाडजूड, कडेला बारीक अशी होते. त्यापेक्षा स्कार्फ पलंगावर उलटा पसरायचा, समोरासमोरची दोन टोकं मध्यावर आणून टेकवायची, मग दोन्ही कडा परत मध्यापर्यंत, परत एकदा तसंच, आणि शेवटी वही मिटतो तशी मधोमध घडी. 90 च्या स्कार्फची अशी साधारण 8 सेंटिमीटर रुंद आणि 127 सेंटिमीटर लांब पट्टी होते, कारण लांबी कर्णाची मिळते. शिवाय कापड तिरकं दुमडल्यामुळे किंचित ताणतं, त्यामुळे गाठ गळ्याला काचत नाही आणि छान गोलसर बसते.

आता हे बघा, तिरक्या घडीत वर दिसतो तो मधला भाग, म्हणजे माझी विटकरी पानं, आणि निळा रंग फक्त टोकांना येतो. पण तोच स्कार्फ सरळ काठाला समांतर घडी घालत गेलात आणि बॉर्डर बाहेर ठेवलीत तर अख्खी पट्टी निळी! पानं गायब. मला हे कळलं तेव्हा खरंच दोन स्कार्फ असल्यासारखं वाटलं. मिनिमल लूकसाठी मी हेच करते, पांढरा शर्ट, वरचं एक बटण उघडं, निळी पट्टी एकदाच गळ्याभोवती, छोटी गाठ आणि टोकं कॉलरच्या आत. सरळ घडीत लांबी 90 च मिळते त्यामुळे दुसरा वेढा बसत नाही, पण या लूकला तो नकोच असतो.

ओल्ड मनी, म्हणजे पिढीजात श्रीमंतांसारखा संयत लूक, म्हणतात त्यात मात्र प्रिंट दिसू द्यायचं, पण गाठ ओढून घट्ट करायची नाही. या स्टाइलला जो चौकोनी ट्विलचा (तिरक्या विणीच्या सिल्कचा) स्कार्फ सगळ्यांच्या डोळ्यासमोर येतो तो एर्मेस या फ्रेंच ब्रँडनं 1937 मध्ये आणला, तोही 90 सेंटिमीटरचाच, आणि आजही तेच माप सगळ्यात जास्त कामाला येतं. राणी एलिझाबेथ दुसरी कशी त्रिकोण करून डोक्यावरून घ्यायची आणि हनुवटीखाली गाठ मारायची, तसं केलं की साधा कोटसुद्धा एकदम भारदस्त दिसतो. तीच टोकं हनुवटीखालून फिरवून मानेमागे बांधली आणि मोठा गॉगल घातला की झाला पन्नासच्या दशकातला रेट्रो लूक. फरक फक्त गाठ पुढे की मागे एवढाच.

डार्क अकॅडेमियासाठी, म्हणजे जुन्या कॉलेज-लायब्ररीची आठवण करून देणाऱ्या गडद लूकसाठी, ब्लेझर किंवा व्ही गळ्याच्या स्वेटरच्या आत क्रॅव्हॅटसारखा, म्हणजे टायच्या जागी बांधतात त्या रुमालासारखा, घालायचा. क्रॅव्हॅट हा शब्दच क्रोएशियन लोकांवरून आलाय, सतराव्या शतकात त्यांचे सैनिक गळ्यात रुमाल बांधायचे आणि फ्रान्समध्ये त्याची फॅशन झाली. इथे एकेरी गाठ पुरते, वरचं टोक गाठीवरून खाली सोडायचं आणि हातानं जरा फुगवायचं, चापूनचोपून बसवलं की युनिफॉर्म वाटतो.

बोहो, म्हणजे मोकळाढाकळा भटक्या लूक, करताना पट्टीची घडीच घालू नका! त्रिकोण करा, मुठीत थोडा चुरगळा, कपाळावरून घेऊन मागे बांधा आणि दोन्ही टोकं एकाच खांद्यावर सोडा, किंवा जीन्सवर कमरेला तिरका बांधा. इथे टोकं खालीवर असलीच पाहिजेत. कोकेटला, म्हणजे बो-रिबिनींच्या नाजूक मुलीसारख्या लूकला, याच्या अगदी उलट, सगळं नेटकं, पोनीटेलला छोटा बो. पण सिल्क केसांवरून सरकतं, म्हणून आधी साधा रबरबँड लावायचा, पट्टी त्याच्या आतून ओवायची आणि मग बो, दिवसभर हलत नाही. वाय टू के चा, म्हणजे 2000 च्या आसपासच्या फॅशनचा, स्कार्फ टॉप मी दोनदाच घातला, त्रिकोण करून पाठीवर दुहेरी गाठ, आतून बॉडी टेप (कापड अंगाला चिकटवायची टेप) लावलीच पाहिजे, त्याशिवाय बाहेर पडू नका.

विणीकडे मात्र नक्की लक्ष द्या, माझ्या मते रंगापेक्षाही आधी. ट्विलवर बारीक तिरक्या रेघा असतात, बोट फिरवलं तरी जाणवतात, आणि त्यामुळेच गाठ धरून राहते. सॅटिन दिसायला सुंदर पण सुळसुळीत, गाठ आपोआप सुटत जाते, माझा एक आवडता सॅटिनचा स्कार्फ असाच चालता चालता गळ्यातून निसटला आणि घरी येईपर्यंत कळलंच नाही, अजून हळहळ वाटते. शिफॉन तलम असतं, ते मोकळं सोडायलाच छान, त्याची घट्ट गाठ नुसती चुरगळलेली दिसते.

आणि परफ्यूम आधी, स्कार्फ नंतर, प्लीज. मी एकदा बांधून झाल्यावर वरून स्प्रे मारला तर पानाच्या कडेला फिकट गोल डाग पडला तो पडलाच, आता घडी घालताना तो भाग आत जाईल असंच बघते. इस्त्री कमी गरम, उलट्या बाजूनं. हातानं वळून शिवलेली कड असेल तर तिच्यावर इस्त्री फिरवायचीच नाही, ती कड दोरीसारखी गोल फुगीर असते, एकदा चपटी झाली की स्कार्फची सगळी झूल जाते. आणि घरी आल्यावर गाठ सोडून टाकायची, खेचून काढायची नाही, नखानं हळूहळू सैल करायची.