ठिपक्यांचा कागद घेऊन पय्यन्नूरला

पय्यन्नूर उत्तर केरळात, कण्णूर आणि कासारगोडच्या मध्ये. 26 डिसेंबर 2019 चं कंकणाकृती सूर्यग्रहण, म्हणजे चंद्राभोवती सूर्याची बारीक बांगडी उरते ते, बघायला आम्ही इथे आलो; त्याची मध्यरेषा इथून थोडी उत्तरेला, चेरुवत्तूरजवळून गेली. मुंबईहून नेत्रावती एक्सप्रेस कोकण रेल्वेने थेट इथे येते. आजी-आजोबा बरोबर असले की गाडी बदलायची नसणं फार मोलाचं. सामान थोडंच घेतलं: माणशी एक प्रमाणित ग्रहणचष्मा, हातात मावणारा आरसा आणि ठिपक्यांच्या रांगोळीचा भोकांचा कागद.

हा कागद घरीच होतो. वह्यांना घालायचा खाकी कागद घ्यायचा. वर्तमानपत्राचा नको, त्यातून ऊन झिरपतं आणि चित्र फिकं पडतं. पेन्सिलीने इंचाइंचावर चौकटी आखायच्या, खाली ताट ठेवायचं आणि प्रत्येक छेदावर पेटती उदबत्ती क्षणभर टेकवून लगेच उचलायची. भोक 3-4 मिलिमीटरचं हवं. उदबत्ती रेंगाळली तर कड जळत जाते. ओलं फडकं हाताशी असू द्या. कागद फडफडू नये म्हणून चारही कडांना खराट्याच्या काड्या चिकटवायच्या.

प्रत्येक भोक सूर्याचं एक चित्र पाडतं. कागद आणि पडदा यांच्यातल्या अंतराला 109 ने भागलं की चित्राचा व्यास मिळतो: 1 मीटरला 9 मिलिमीटर, 2 मीटरला 18. म्हणून 2 मीटर अंतर ठेवायचं. त्याहून जवळ धरलं तर चित्राच्या मानाने भोकच मोठं होतं आणि कोर उमटतच नाही. फार लांब नेलं तर शेजारशेजारची चित्रं एकमेकांवर चढतात. पिठाच्या चाळणीने काही दिसत नाही तेही यामुळेच, भोकं फार दाट असतात. झारा मात्र छान चालतो.

आमच्याकडून आधी चुकलं ते जमिनीवर चित्र पाडताना. सकाळी साडेनऊच्या आत सूर्य आग्नेयेला, क्षितिजापासून जेमतेम 33 अंशांवर होता. इतक्या तिरप्या उन्हात जमिनीवरचं वर्तुळ जवळजवळ दुप्पट लांबतं, कंकणाचं अंडं होतं. उपाय सोपा: पांढरा कागद लावलेली फळी सूर्याकडे कलती करायची. फळीवर काडेपेटीची काडी उभी धरा. तिची सावली नाहीशी झाली की कोन बरोबर.

आठच्या सुमाराला कड खाल्ली जायला लागली. पुढचा तासभर फळीवर शेकडो कोरी बारीक होत गेल्या, आणि 9 वाजून 24-25 मिनिटांच्या सुमाराला ठिपक्यांच्या जागी बांगड्याच बांगड्या. सुमारे तीन मिनिटं! खरं कंकण केसासारखं बारीक असतं. फळीवर जाड दिसतं ते भोकाच्या रुंदीमुळे. चंद्राने सूर्याचा सुमारे 93 टक्के भाग झाकला तरी उरलेलं ऊन डोळे जाळायला पुरेसं असतं, म्हणून कंकणाकृतीत चष्मा एक क्षणही काढायचा नाही.

ग्रहण पाळणारी मंडळी बाहेर येत नाहीत. त्यांच्यासाठी आरसा. त्यावर 5 मिलिमीटर भोकाचा काळा कागद चिकटवून दारातून आतल्या भिंतीवर कवडसा टाकायचा; 10 मीटरवर 9 सेंटिमीटरचा सूर्य दिसतो. हात हलतो, म्हणून आरसा तांदळाच्या वाटीत खोचायचा. कवडशाच्या वाटेत कुणी डोळा आणायचा नाही, हे मुलांना आधीच बजावायचं.

पय्यन्नूरची स्वतःची अंगठीही आहे, ‘पवित्र मोतिरम’: श्राद्धातल्या दर्भाच्या पवित्रकासारखी गाठ असलेली. तिला भौगोलिक मानांकन आहे.

यानंतरचं भारतातलं कंकण 21 जून 2020 ला उत्तर भारतातून गेलं; त्यापुढचं 21 मे 2031 ला, केरळ-तमिळनाडूतून, दुपारी एकच्या आसपास. तेव्हा सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, फळी लागणार नाही. गच्चीवर दोन मीटर उंचीवर कागद आडवा ताणायचा आणि खाली पांढरी चादर अंथरायची.