सर्वेवाल्याला खरं कोण सांगतंय ओ

2023 च्या कर्नाटक विधानसभेच्या आधी महिनाभर मी आमच्या बेळगावात निवडणुकीच्या सर्वेचं काम केलो होतो. (होय, आम्ही 'केलो'च म्हणतो, पुण्याच्या लोकांनी लाल पेन जरा बाजूला ठेवावं.) कंपनीचं नाव सांगत नाही, पैसे जूनच्या शेवटी आले एवढंच सांगतो.

काम सोपं वाटतंय. टॅबमध्ये मतदार यादीतली ठरावीक अंतरानं उचललेली नावं असतात, त्याच माणसाला गाठायचं, तो नसला तर परत जायचं, शेजाऱ्याला विचारून चालत नाही. पण एप्रिलचं ऊन आणि दिवसाला एवढे फॉर्म झालेच पाहिजेत म्हटल्यावर पोरं काय करतात, कट्ट्यावर बसलेल्या चौघांना धरून चार फॉर्म उरकतात. आणि कट्ट्यावर दुपारी अकराला कोण बसतंय? बायका नाहीत, कामावर गेलेले नाहीत. मग शितावरून भाताची परीक्षा म्हणायचं आणि शितं सगळी वरवरचीच उचलायची.

प्रश्न कन्नड आणि इंग्लिशमध्ये. मराठी मीच उभ्या उभ्या करत होतो, म्हणजे प्रत्येक घरी प्रश्न थोडा वेगळाच जात असणार. येळ्ळूरकडच्या एका आजोबांना विचारलो, "सरकारच्या कामावर समाधानी आहात काय?" ते म्हणाले, "कोंच्या सरकारचं विचारूलास? बेंगळूरच्या, दिल्लीच्या की मुंबईच्या?" मी हसलो, पण ते हसले नाहीत. टॅबमध्ये तसा ऑप्शनच नव्हता. 'सांगता येत नाही' दाबलो, आणि ते मला अजून टोचतंय, कारण त्या माणसाला सगळं सांगता येत होतं.

आमच्याकडचा घोळ हाच हाय. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार 2018 ला नाही, 2023 ला नाही, त्यावरून बाहेरचे म्हणतात सीमाप्रश्न संपला. पण त्याच 2023 ला बेळगाव दक्षिणमध्ये समितीचा उमेदवार दुसऱ्या नंबरवर होता, 60 हजारांच्या वर मतं घेऊन. 2021 च्या लोकसभा पोटनिवडणुकीत लाखाच्या वर. आणि घरात महाराष्ट्र महाराष्ट्र म्हणणारा माणूस बूथमध्ये कमळ नाहीतर हात दाबून येतो तेही खरंच हाय, मी माझ्याच घरात बघितलोय. रस्ता, नळ, पोराची नोकरी एकीकडं आणि सीमा दुसरीकडं. 16 जानेवारी 1967 ला शेजारच्या गोव्याला सरळ विचारलं की महाराष्ट्रात जाताय काय, त्यांनी नाही म्हटलं, विषय मिटला. त्याला नावच ओपिनियन पोल पडलं. आम्हाला कुणी विचारलं नाही, आमच्या वाट्याला सीमेचं ठरवायला नेमलेला महाजन आयोग आला आणि 2004 पासून सुप्रीम कोर्टातली केस.

आणि मतं बरोबर मोजली तरी सीटा कळत नाहीत. भाजपला 2018 ला 36 टक्के मतं, 104 जागा. 2023 ला पण 36 टक्केच, आणि जागा 66! म्हणजे सर्वेवाल्यानं 36 बरोबर सांगून पण टीव्हीवर तोंडघशी पडायचं. 1 जून 2024 ला लोकसभेच्या एक्झिट पोलात तर बहुतेक चॅनलवर एनडीएला साडेतीनशेच्या पुढं टाकत होते, 4 तारखेला 293 वर थांबलं. शिव्या आमच्यासारख्या पोरांना.

लोकनीती म्हणून दिल्लीची सर्वे करणारी संस्था हाय, ते म्हणे डमी मतपत्रिका आणि पेटी घेऊन जातात, ज्याचं त्यानं शिक्का मारून टाकायचं. आमच्याकडं तसलं काही नव्हतं, मोठ्यानं विचारायचं आणि मोठ्यानं उत्तर घ्यायचं.

बेळगावच्याच वडगावात एका घरी यादीत सुनेचं नाव होतं. शेडमध्ये मागाचा खटखटाट, ओरडून विचारावं लागत होतं. "यंदा मत कुणाला मावशी?" तिनं आधी मागं बघितलं, सासरा कांडी बदलत होता. तो तिथूनच चिन्ह सांगितला. तिनं पण तेच सांगितलं. मी दाबलो, सबमिट केलो, पुढच्या गल्लीत गेलो. पाच मिनिटांनी ती पदराला हात पुसत मागनं आली.

"ते मघाशी सांगितलेलं खोडता येतंय काय रे?"

टॅब लॉक झालेला. नाही म्हणालो.

"ऱ्हाऊ दे मग," म्हणाली, आणि उन्हातनं आलाईस तर पाणी पिऊन जा म्हणाली.