तुम्ही विचारलंत म्हणून: रिपोर्टला इतके दिवस का?

“तपासणीला गाठीचा तुकडा देऊन बारा दिवस झाले. काही वाईट निघालंय आणि तुम्ही सांगत नाही आहात, असं तर नाही ना?” पॅथॉलॉजिस्ट म्हणून हा प्रश्न मला सतत ऐकावा लागतो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा बघून दर वेळी पोटात तुटतं.

लपवत काहीच नाही. अनेकदा तोवर मला एवढंच कळलेलं असतं की हा कॅन्सर आहे. कुठला, ते कळलेलं नसतं. आणि औषध ठरतं ते त्या ‘कुठला’वरच.

तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात मुरतो, मग मेणात बसवून त्याचे तीन-चार मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाडीचे काप काढतात. नेहमीचे कॅन्सर बहुधा पहिल्याच स्लाइडवर ओळखू येतात. पण कधी सगळीकडे लहान, गोल, निळ्या पेशीच दिसतात. तो यूइंग सार्कोमा (बहुधा हाडातला कॅन्सर) असेल, लिम्फोमा (लसीका पेशींचा) असेल, नाहीतर न्यूरोब्लास्टोमा (कच्च्या चेतापेशींचा). तिघांचे उपचार निराळे. मग मार्कर, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिनं दाखवणारे रंग, लावायचे, तेवढ्यानं भागलं नाही तर ईडब्ल्यूएसआर१ हे जनुक तुटून भलत्याच जनुकाला जोडलं गेलंय का, ते बघायचं. तुकडा हाडाचा असला तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं. तीव्र आम्लानं ते लवकर निघतं खरं, पण डीएनए खराब होतो आणि पुढची तपासणीच हातची जाते. तिथे मी मुद्दाम थांबते.

नावाला एवढं महत्त्व का? पोटातल्या जिस्ट नावाच्या गाठींचं बघा. त्यांतल्या कित्येक पूर्वी स्नायूंच्या गाठी म्हणून नोंदल्या जात, आणि किमोथेरपीला त्या दाद देत नसत. १९९८मध्ये जपानी संशोधकांनी त्यांच्यातला किट जनुकातला बिघाड दाखवला. रक्ताच्या एका कॅन्सरसाठी तयार झालेलं इमॅटिनिब हे औषध त्याच बिघाडावर चालतं, हे २००१पर्यंत दिसून आलं. गाठ तीच, स्लाइडही तशीच. नाव बदललं आणि माणसं गोळीवर वर्षानुवर्षं जगू लागली.

युरोपात वर्षाला लाखामागे सहापेक्षा कमी नवे रुग्ण असले तर कॅन्सर दुर्मीळ धरतात. एकेकटा दुर्मीळ, पण सगळे मिळून पाचातला एक. म्हणूनच स्लाइड त्याच आजाराच्या जाणकाराकडे पाठवायची वेळ येते. दुसऱ्याचं मत मागवलं म्हणजे पहिल्याचं चुकलं, असं कृपया समजू नका.

एकदा माझ्याकडे त्वचेचा तुकडा आला. फॉर्मवर फक्त ‘छातीवरचा डाग’. काळंनिळं व्हावं तसा डाग, मार लागल्याचा वाटावा असा. मी फोन करून खोदून विचारलं तेव्हा कळलं, सात वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरसाठी तिथे रेडिएशन झालं होतं. रेडिएशननंतर वर्षांनी, क्वचित, त्याच जागी अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर होतो. त्या एका वाक्यानं मी काय शोधायचं ते ठरलं, आणि तोच निघाला. ते वाक्य फॉर्मवर का नव्हतं, याचा राग मला अजून येतो.

तेव्हा रिपोर्ट विचारायला आलात की मीही विचारते: आधी कुठली गाठ काढली होती? रेडिएशन, किमो, इम्युनोथेरपी काय काय झालं, कधी? जुन्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक कुठे आहेत? ते मागून आणा. ब्लॉक अनेक वर्षं टिकतात, आणि त्यातून नवा काप काढता येतो.