तुम्ही विचारलेत म्हणून : दुकानात पडलेला भांग घरी का टिकत नाही?

दुकानातून निघताना भांग अगदी रेखीव दिसतो, मग दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर घरी पाडला की तो मोडतो का, हा प्रश्न माझ्या खुर्चीत बसणारे बरेच तरुण मला विचारतात. केस कापणे हाच माझा व्यवसाय आहे आणि बाजूचा भांग हे त्यातले माझे सर्वांत आवडते काम आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट मांडावे असे मला वाटते. विचारणाऱ्याला बहुधा एखाद्या क्रीमचे नाव हवे असते. माझ्या मते मात्र भांग टिकतो तो प्रथम त्याच्या जागेमुळे आणि नंतर त्याच्या आजूबाजूच्या कापणीमुळे. क्रीम आणि वस्तरा यांचा क्रम त्यानंतर लागतो.

डोक्याच्या मागच्या भागात जो भोवरा असतो, त्यावर पुढचे केस कोणत्या दिशेने पडणार हे ठरते. बहुतेकांचा भोवरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, त्यामुळे वरचे केस डावीकडून उजवीकडे सहज वळतात आणि डावा भांग अशा माणसाला शोभतो. ज्यांचा भोवरा उलटा आहे त्यांनी कितीही कंगवा फिरवला तरी डाव्या भांगाशी त्यांचे रोजचे भांडण राहते. दुकानात आम्ही पाणी मारून, ड्रायर लावून ते भांडण तासाभरापुरते मिटवू शकतो, घरी ते पुन्हा सुरू होते. आपला भांग शोधण्यासाठी ओले केस सरळ मागे विंचरावेत आणि भोवऱ्यावर तळहात ठेवून केस हलकेच पुढे ढकलावेत. ते कुठे तरी आपोआप दुभंगतात, आणि तीच तुमची जागा. ती साधारणपणे भुवईच्या सर्वांत उंच भागाच्या रेषेत येते. शंका असेल तर कंगवा डोक्याच्या माथ्यावर आडवा टेकवून पाहावा. जिथे डोके उतरू लागते आणि कंगव्याखाली फट दिसू लागते, तिथून भांग काढावा. त्याच्या खाली गेल्यास केस कानावरून ओढून आणल्यासारखे दिसतात. मागच्या बाजूला रेषा भोवऱ्याच्या अलीकडेच थांबवावी, कारण भोवऱ्यात शिरलेली रेषा तिथले केस उभे करते.

जागा ठरली की कापणीकडे वळावे. ‘साइड बारीक करा, वर मोठे ठेवा’ एवढ्या सांगण्यावर कारागिराने अंदाजच बांधायचा असतो, म्हणून आकड्यात बोलणे बरे. कानाजवळ मशीनचा एक नंबर म्हणजे सुमारे 3 मिलिमीटर, त्यावर दोन नंबर म्हणजे सुमारे 6 मिलिमीटर, आणि तिथून भांगापर्यंत मशीन बंद करून कंगव्यावर कात्री, हा क्रम बहुतेक चेहऱ्यांना चांगला दिसतो. कल्ल्यांची उंची दोन्हीकडे सारखी आहे ना, हे आरशात समोर पाहून तपासून घ्यावे. खरी कसोटी मात्र भांगाच्या वरच्या कडेला असते. तिथले केस निदान 5 सेंटिमीटर लांब हवेत, तरच ते स्वतःच्या वजनाने आडवे पडतात. आखूड राहिले तर रेषेच्या कडेने काट्यासारखे उभे राहतात आणि लोक दोष क्रीमला देतात. याच कारणासाठी भांगाजवळ विरळ करण्याची दातेरी कात्री चालवू देऊ नये. तिने केलेले आखूड तुकडे दोन आठवड्यांत रेषेतून डोके वर काढतात.

आता वस्तऱ्याने मारलेल्या लाइनविषयी, कारण हल्ली ‘भांग’ म्हणजे तीच असे अनेकांना वाटते. ते काम जवळून पाहण्यासारखे आहे. शेपटीच्या कंगव्याचे टोक कपाळापासून मागे एकाच ओढीत न्यायचे, वरचे केस चिमट्याने बाजूला धरायचे, ट्रिमरच्या कोपऱ्याने रेषा उघडायची आणि मग डाव्या अंगठ्याने कातडी ताणून वस्तरा अगदी छोट्या छोट्या फटक्यांनी चालवायचा. रुंदी दोन मिलिमीटरपेक्षा जास्त झाली की ती रेषा भांग न राहता खाच दिसते. वस्तऱ्यात नवे अर्धे ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर बसवले गेले पाहिजे. वापरलेल्या ब्लेडमधून हिपॅटायटिस बी आणि सी पसरू शकतात, तेव्हा हे सांगताना संकोच करू नये. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन-चार दिवसांत त्या रेषेत काळे ठिपके दिसू लागतात आणि आठवड्याने ती धूसर होते. पुन्हा मारताना दोन्ही कडांचा एखादा केस जातोच, आणि अशी ती हळूहळू रुंदावते. लाइन बंद करायची म्हटली तर तिथले केस आडवे पडण्याइतके वाढेपर्यंत काही महिने उभ्या खुंटांची पट्टी सांभाळावी लागते. दाट, सरळ केसांच्या आणि वेळेवर दुकानात येणाऱ्या माणसाला मी ती आनंदाने मारून देतो. कुरळ्या केसांत खुंट कातडीत वळून फोड येतात, आणि ज्यांचे केस कपाळाच्या कोपऱ्यांतून मागे सरकत आहेत त्यांची उघडी जागा त्या रेषेने अधिकच उठून दिसते. अशांनी कंगव्याच्या भांगावरच थांबावे.

घरची निगा सोपी आहे, पण ती केस ओले असतानाच करायची असते. पाण्याने केसांतले काही बंध सुटतात आणि वाळताना ते पुन्हा जुळतात, त्यामुळे केस ज्या स्थितीत वाळतात ती स्थिती धरून ठेवतात. टॉवेलने खसाखसा पुसून, तसेच वाळू देऊन, ऑफिसला निघताना भांग पाडणाऱ्याचा भांग दुपारपर्यंत राहत नाही. टॉवेल दाबून पाणी टिपावे, बारीक दातांच्या कंगव्याने कपाळापासून मागे रेषा काढावी, आधी वरचे केस आणि मग खालचे केस बसवावेत आणि ते पूर्ण वाळू द्यावेत. हेल्मेट त्यानंतरच घालावे. दमट केसांवर घातलेले हेल्मेट केसांना स्वतःचाच आकार देते.

लावण्याच्या वस्तूंत खोबरेल तेलाने रेषा स्वच्छ उघडते, कारण केस एकमेकांना चिकटतात, पण त्यात पकड नसते. आपल्या आजोबांच्या पिढीने ज्या ब्रिलक्रीमवर भरवसा ठेवला ते 1928 साली बर्मिंगहॅममध्ये तयार झाले आणि पाणी, खनिज तेल व मेण यांच्या त्या मिश्रणाचा मऊ, चमकदार भांग मला आजही आवडतो. स्वस्त जेल वाळून कडक होते आणि कंगवा लागताच त्याची पांढरी भुकटी नेमकी भांगातच पडते, म्हणून मी पाण्याने धुऊन जाणारे पोमेड, म्हणजे केस बसवायचे मलमासारखे क्रीम, सुचवतो. चण्याएवढे घेऊन तळहातांवर पातळ चोळावे आणि मागून पुढे लावावे. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात हवेतला दमटपणा केसांची बसलेली घडी मोडतो. तेव्हा जास्त क्रीम थापण्यापेक्षा खिशातला कंगवा उपयोगी पडतो.

नवरदेवांसाठी एक स्वतंत्र सूचना द्यावीशी वाटते. कापणी लग्नाच्या चार-पाच दिवस आधी करावी म्हणजे केस आपल्या जागी बसतात, आणि लाइन हळदीची आंघोळ झाल्यावर मारावी, कारण ताज्या वस्तऱ्यावर हळद झोंबते. फेटा बांधायचा असेल तर लाइनचा आग्रह सोडावा. तो उतरवल्यावर ओला कंगवा फिरवला की फोटोपुरता भांग पुन्हा बसतो.

एरवी बाजूचे केस तीन आठवड्यांनी कापावेत. मधल्या काळात फक्त रेषा साफ करायची असेल तर ते काही मिनिटांचे काम आहे, त्यासाठी रविवारच्या गर्दीत बसू नये. आपल्याकडे सोमवारी बहुतेक दुकाने बंद असतात; मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी यावे, त्या वेळी कारागिराचा हात निवांत असतो.