दारात अडकलेला सोबती

गेम बाजारात जाण्याच्या तोंडावर कोड फ्रीझ होतो. त्यानंतर प्रोग्रामरने इंजिनाला, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ कोडला, हात लावायचा नसतो, कारण एक ओळ बदलली तरी सगळी तपासणी नव्याने करावी लागते. लेव्हलमधल्या वस्तू, दिवे आणि ट्रिगर (खेळाडू ठरावीक जागी आला की प्रसंग सुरू करणाऱ्या अदृश्य खुणा) यांत किरकोळ फेरफार करण्याची मुभा मात्र आम्हा डिझायनरांना बहुधा असते. आमचा कोड असा फ्रीझ झाल्यानंतर बाहेरच्या खेळाडूंना बोलावून जी शेवटची प्लेटेस्ट घेतली, तिच्यात गेम मध्यावरच अडकला.

खेळाडू आणि त्याचा सोबती, म्हणजे गेमच चालवतो ते पात्र, तळघरातून एका खोलीत शिरतात, मागचे दार बंद होते आणि ते पूर्ण मिटल्यावरच पुढचा प्रसंग सुरू होतो. काहींच्या बाबतीत सोबती नेमका उंबऱ्यावर उभा राहिला. दार त्याला टेकून परत उघडायचे, पुन्हा मिटू पाहायचे, पुन्हा उघडायचे. आणि आपलेच काहीतरी चुकते आहे अशा समजुतीने खेळाडू बिचारा खोलीच्या भिंती चाचपत फिरायचा. आमच्या टेस्टरांनी हे दार असंख्य वेळा ओलांडले होते, पण त्यांच्याकडे अशा बगची नोंदच नव्हती. प्रोग्रामरच्या मते दुरुस्ती अवघड नव्हती, मात्र फ्रीझ उठवावा लागला असता आणि मग ठरलेली तारीख हातची गेली असती.

मी रेकॉर्डिंग लावून बसलो. अडकलेले सगळे जण दाराशेजारच्या टेबलावरचे पत्र वाचायला थांबले होते. सोबती खेळाडूच्या मागे ठरावीक अंतर राखून चालतो, त्यामुळे खेळाडू टेबलापाशी थांबला की तो उंबऱ्यावर थबकतो. त्याच वेळी दार हलू लागते, इंजिन दाराखालची जागा चालण्याच्या नकाशातून वगळते, आणि तिथे उभ्या असलेल्या सोबत्याला खेळाडू पुढे गेल्यावरही वाट सापडत नाही. टेस्टर यातून सुटले, कारण ते पत्र त्यांना तोंडपाठ झाले होते. ते न थांबता पुढे निघून जात. गेम रोज खेळणाऱ्याचा हा दोष कोणत्याही तक्त्यात पकडता येत नाही, असे माझे मत आहे.

मी हे काम मॉडिंगमध्ये, म्हणजे दुसऱ्यांच्या तयार गेममध्ये आपले फेरफार करताना, शिकलो. इड सॉफ्टवेअरने १९९३ मध्ये ‘डूम’ काढला तेव्हा नकाशे, चित्रे आणि आवाज इंजिनापासून वेगळ्या वॅड फाइलीत ठेवले होते. सोर्स कोड १९९७ मध्ये खुला झाला, पण तोवर कोड न पाहताही लोकांनी ढीगभर लेव्हल रचल्या होत्या. पुढे मिन्ह ली आणि जेस क्लिफ यांनी ‘हाफ-लाइफ’वर केलेला ‘काउंटर-स्ट्राइक’ हा १९९९ चा मॉड ‘हाफ-लाइफ’ची कंपनी व्हॉल्व हिने आपल्याकडे घेतला आणि २००० मध्ये स्वतंत्र गेम म्हणून विकला. माझे मॉड अर्थातच त्या पंक्तीतले नव्हते. पण नोकरीच्या मुलाखतीत पदवीची चौकशी दोन वाक्यांत आटोपून त्यांनी माझी एक लेव्हल उघडली आणि अमुक भिंत इथे का, तमुक दिवा तिथे का, हेच विचारत राहिले. मॉड करणाऱ्याच्या हाती इंजिन नसते, म्हणून इंजिन कुठे अडते ते ओळखायचे आणि खेळाडूला तिथे नेण्याचे टाळायचे, ही सवय लागते.

सोबत्याची चाल बदलणे माझ्या हातात नव्हते. खेळाडू कुठे थांबतो ते मात्र होते. मी टेबल पत्रासकट खोलीच्या आत सरकवले, म्हणजे खेळाडू तिथवर पोहोचेतो सोबती उंबरा ओलांडून आलेला असेल. कलाविभाग नाराज झाला, कारण दारातून दिसणाऱ्या दृश्याची चौकट त्यांनी त्या टेबलाभोवती बेतली होती, आणि त्यांची तक्रार रास्तच होती. संध्याकाळी नवा बिल्ड, म्हणजे गेमची नवी चालती प्रत, निघाला आणि प्रत्येक टेस्टरला ते पत्र अथपासून इतिपर्यंत वाचण्याची सक्ती करण्यात आली. दार दर वेळी मिटले.

मूळ दोष गेम बाजारात आल्यानंतरच्या पहिल्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) दुरुस्त झाला, तेव्हा कलाविभागाने टेबल जागेवर परत मागितले. मी दिले नाही. खोलीच्या आत पत्र वाचत असताना पाठीमागे दार आपटते, तेव्हा खेळाडू खुर्चीत दचकतो, आणि ते मला चौकटीपेक्षा मोलाचे वाटते. त्यांना अजून तसे वाटत नाही.